सारवलेली उतरण

आमच्या घरात माया करायची तीसुद्धा हात उगारून. बाबा शाबासकी द्यायचे ती पाठीत धपाटा घालून, आई शिव्या घालत घालत जेवायला वाढायची, आणि दादा आणि मी दिवसातून एकदा तरी एकमेकांच्या अंगावर धावून गेल्याशिवाय झोपलेलो मला आठवत नाही. शेजारी म्हणायचे, ह्यांच्याकडे भांडण चाललंय की पंगत, ते बाहेरून कळत नाही. खरंच होतं ते. पण आमच्या घरातली सगळ्यात मोठी मारहाण वर्षातून एकदाच व्हायची, पाऊस संपल्यावर, आणि ती अंगणाला व्हायची.

अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात. चार महिने पाऊस झोडपून गेला की खळ्याची दशा बघवत नाही. शेवाळ, खड्डे, वर आलेले दगड. नवरात्राच्या आगेमागे आई पदर खोचायची. खळं खणायचं, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, नवी माती पसरायची आणि मग चोपणं घेऊन ती जमीन बडवायची. चोपणं म्हणजे मूठ असलेली लाकडाची जाड फळी. ओणवं व्हायचं आणि दाणदाण मारत सुटायचं. तळहाताला फोड येत, ते फुटत, पुन्हा येत. चारपाच दिवसांनी माती दगडासारखी व्हायची आणि मग वर शेणाचं सारवण. आईचं खळं वाडीत नावाजलेलं होतं. त्यावर तांदूळ सांडला तर दाणा न् दाणा वेचता येई. जमीन खरबरीत दिसली की आईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुसऱ्याच्या खळ्यात पाय ठेवला तरी ती अंगठ्याने जमीन चाचपून बघायची आणि तोंड वाकडं करायची.

हे सगळं आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते ह्या चोपण्यामुळे झालं.

नव्व्याण्णव सालच्या नवरात्रात दादा आखातातून रजेवर आला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तेव्हा सव्वीस वर्षांचा. तिकडे एका कंपनीत तो माती-दगडाचं काम करायचा, म्हणजे बागा सपाट करणं, उतार काढणं, फावडं आणि ढकलगाडी. आमच्या घरात कमावता तोच. बाबांची कंबर चिऱ्याच्या खाणीत गेली होती, माझं रत्नागिरीला कॉलेज चालू होतं, आणि घरावरची नवी कौलं दादाच्या फावड्यातून आली होती. रजा साडेतीन महिन्यांची. जानेवारीच्या मध्याच्या आत तो परत कामावर उभा राहिला नाही तर त्याचा व्हिसा संपणार होता, आणि तिकडचा मुकादम मोडक्या माणसाला दारात उभं करत नाही हे दादानेच पहिल्या रात्री जेवताना सांगितलं होतं. त्यामुळे आई रोज म्हणायची, "हातपाय सांभाळून ऱ्हा रे मेल्या." आणि म्हणता म्हणता पळी फेकून मारायची.

अत्तर, टॉर्च आणि ब्लँकेट ह्यांच्याबरोबर दादाने एक सायकल आणली होती. चाकं आणि हँडल काढून चादरीत बांधलेली. कुणा गोऱ्या साहेबाने टाकून दिलेली, जाड दातेरी टायरांची, पुढे स्प्रिंगचे दांडे असलेली डोंगरातली सायकल. आम्ही आजवर पाहिलेल्या सायकली म्हणजे दूधवाल्याची आणि पोस्टमनची. ही उभी राहिली तीच मुळी दंड थोपटून. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "ह्यावर भाकर बांदून न्यायला कॅरेज खंय हाय?"

दादाने मग सांगितलं. शहराबाहेरच्या खडकाळ टेकड्यांत त्याच्या कंपनीने फक्त सायकल हाणण्यासाठी एक वाट बांधली होती. कुठे जायची नव्हे, नुसती हाणायची. वरून सुरू होते, खाली संपते, आणि मग लोक पुन्हा वर जातात. वळणं बाहेरच्या अंगाला उचललेली, म्हणजे वेगात गेलं तरी सायकल बाहेर फेकली जात नाही. मध्ये उंचवटे, त्यांच्यापुढे उतरण, म्हणजे उडी मारली की चाक बरोबर उतारावर टेकतं. दादाने दोन हिवाळे तिथे फावडं मारलं होतं. "तिकडचे लोक पैसे देऊन पडायला येतात," तो म्हणाला. बाबा हसले नाहीत.

सायकल आम्ही लहानपणी हाणली होती, दूधवाल्याकडून मागून घेतलेली, ती पाखाडीवरून. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, आमच्या वाडीतून खाली खाडीकडे उतरणारी दगडी पायऱ्यांची वाट. ती कुणी सायकलसाठी केलेली नव्हती. गुरं, मासे विकणाऱ्या बाया, प्रेतं आणि नवऱ्यामुली, सगळ्यांची ती वाट. दर पावसाळ्यानंतर तिचा एखादा दगड हललेला असायचा, एखादी पायरी गेलेली असायची. त्यामुळे पाखाडीवर माणूस डोळ्यात तेल घालून उतरायचा. आमचे गुडघे तिथेच फुटले, पण कुणाचं हाड कधी मोडलं नाही. जिच्यावर भरवसा नाही त्या वाटेवर माणूस जपून असतो, एवढाच त्याचा अर्थ.

तिकडच्यासारखा ट्रॅक इथेही बांधायचं दादाच्या मनात होतं, आणि जागा त्याने निवडली ती वाडीच्या वरची पडीक चिऱ्याची खाण. चांगला दगड संपला तसा मालक ती टाकून राजापूरला निघून गेला होता. खाणीला उंच पायऱ्यांसारखे टप्पे होते, माणसाच्या उंचीचे, करवतीने कापल्यासारखे सरळ. त्याच खाणीत बाबांनी मशीन यायच्या आधी पंधरा वर्षं टिकावाने चिरे काढले होते आणि त्याच खाणीने त्यांची कंबर मोडली होती. दादा तिथे मजेसाठी खणतोय हे कळलं त्या दुपारी बाबा काठी टेकत वर आले. सव्वीस वर्षांच्या, घर चालवणाऱ्या मुलाच्या त्यांनी बघायला जमलेल्या वाडीतल्या पोरांदेखत कानाखाली वाजवली.

"जिथं मी मेलो तिथं खेळतोस?" ते म्हणाले.

दादाने गाल चोळला नाही. "म्हनूनच खेळतो," तो म्हणाला. बाबा काठी टेकत खाली निघून गेले. त्यानंतर ते वर आले नाहीत, पण अडवलंही नाही. त्या उत्तराचा राग मला आजही येतो आणि अभिमानही वाटतो.

आम्ही दोघांनी महिनाभर ती खाण फोडली. फोडली हाच शब्द बरोबर आहे. पहार घालून कडा तोडल्या, घणाने चिरे फोडून भर घातली, तुटक्या चिऱ्यांचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, रचून वळणांना पाठी दिल्या. जांभ्या दगडाचा लाल धुरळा नाकातोंडात जाऊन थुंकी रक्तासारखी पडायची. दादा मुकादम झाला की माणूस राहत नसे. माझा उतार वाकडा झाला की तो फावड्याच्या दांड्याने माझ्या पोटरीवर फटका द्यायचा, आणि मी मातीचं ढेकूळ त्याच्या टाळक्यात घालायचो. तरी सांगतो, तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. दादा आखातात गेला तेव्हा मी अजाण होतो, आणि पैसे पाठवणारा माणूस म्हणजे भाऊ नव्हे. ह्या महिन्यात तो मला भाऊ म्हणून परत मिळाला.

दिवाळीनंतर ट्रॅक तयार झाला. वरच्या टप्प्यावरून सुटायचं, तीन उचललेली वळणं, दोन लहान उड्या, मग थोरली उडी. ती म्हणजे खाणीच्या खालच्या टप्प्यावरून सरळ हवेत. खाली मातीची उतरण, आणि उतरण संपते तिथेच डावीकडे वळण. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा.

पहिल्यांदा मी ती थोरली उडी घेतली तेव्हा ओरडलो होतो. ओरडलो ते भीतीने नव्हे. चाकं जमिनीवरून सुटतात, आणि मग उतरण येऊन चाकाखाली अलगद लागते, आपण पडणार होतो ते पडत नाही. कुणीतरी आधीच विचार करून ठेवलाय की तू इथे असा येशील, एवढ्या वेगात, आणि तुला इथे एवढी माती लागेल. आमच्या घरात असा विचार माझ्यासाठी कुणी केल्याचं मला आठवत नव्हतं. बांधलेल्या वाटेची खरी ओढ हीच आहे. लोक वेगाबद्दल बोलतात, पण वेग तर पाखाडीवरही होता. ओढ असते ती आपला कुणीतरी विचार केलाय ह्या सुखाची. आणि ती वाट कालच्यासारखीच आज असते. दहादा पडून अकराव्यांदा जमलं तर ते तुझं जमलं, दगड हलला म्हणून नव्हे.

तोटा काय, तो ह्या सुखाच्या पोटातच होता. आठवड्याभरात मी खाली बघणं सोडून दिलं. कशाला बघायचं? वळण कुठे आहे ते माझ्या खांद्याला ठाऊक होतं. आणि वळण ओळखीचं झालं की ते मिळमिळीत लागायला लागतं, मग ब्रेक सोडून बघावंसं वाटतं, मग हात सोडून. पाखाडी तुम्हाला घाबरवून शहाणं करते. ट्रॅक तुमची पाठ थोपटत थोपटत तुम्हाला मूर्ख करतो.

बातमी शहरात गेली. रविवारी रत्नागिरीहून पोरं यायला लागली, भाड्याच्या सायकली घेऊन, ज्यांचे ब्रेक नावाला. ती पडायची ती पोत्यासारखी. एकाचे समोरचे दोन दात गडग्यात राहिले, ते आम्ही शोधून कागदात बांधून दिले. एकाच्या खांद्याचं हाड कातडीखालून वर आलं. जांभा दगड माणसाला खरचटत नाही, तो किसतो. खोबरं किसावं तशी कातडी निघते आणि त्यात लाल माती भरते, ती जन्मभर निघत नाही. माझ्या डाव्या कोपरावर अजून ती लाली आहे. आणि तरी पोरं पुढच्या रविवारी पट्ट्या बांधून हजर. रक्त बघून मला मळमळायचं नाही, उलट चेव यायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा कुणी आपटलं की आम्ही सगळे आनंदाने ओरडायचो.

दादा मात्र ओरडायचा नाही. तो पडलेल्याला उचलायचा आणि मग लाथ मारून हाकलायचा. "बघून जा," एवढंच म्हणायचा. स्वतः तो एकदाही पडला नव्हता.

मी पडायचो, आणि दर वेळी एकाच जागी. थोरल्या उडीच्या उतरणीवर. दादाने ती उतरण मुद्दाम खरबरीत ठेवली होती, चिऱ्याचा चुरा आणि बारीक खडे मातीत दाबून. चाक जरा वाकडं टेकलं की मी पडायचो आणि ती खरबरीत जमीन मला सोलून काढायची. डिसेंबरात एका संध्याकाळी माझी मांडी कंबरेपर्यंत सोलली गेली आणि माझं डोकं फिरलं.

"बाकी सगळं गुळगुळीत केलंस, हितंच काय हात दुखतात तुजे?" मी ओरडलो.

"हितं टायरला धरायला पायजे. ऱ्हाऊ दे तसंच."

"आळशी हायस तू. आये बघेल तर थुंकेल ह्याच्यावर."

"आयेला सायकल हाणायची नाय," दादा म्हणाला, आणि हसला. त्या हसण्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा ओठ फुटला. त्याने मला खाली पाडलं, माझ्या छातीवर बसला आणि दोन थोबाडीत दिल्या, मोजूनमापून, जशा मुकादम देतो. मी हाताला लागला तो चिऱ्याचा तुकडा उचलून त्याच्या बरगडीवर हाणला. तो कळवळून बाजूला झाला. मग आम्ही दोघे उठलो आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी गेलो.

चार दिवस आम्ही बोललो नाही. आई दोघांना एकाच ताटावर बसवून शिव्या घालायची, तरी नाही. आणि दादाचे जायचे दिवस जवळ येत होते. दोन आठवडे राहिले, मग दहा दिवस. मला माफी मागायची होती, पण आमच्या घरात माफी मागायची कशी हे कुणी शिकवलेलं नव्हतं. हात उगारून माफी मागता येत नाही. मग मला सुचलं की हाताने काहीतरी करून द्यावं.

दादा त्या दिवशी तिकिटाच्या कामाला रत्नागिरीला गेला होता. मी आईला म्हटलं, "आये, वर एक जागा लय खराब हाय. चोपून देतेस?"

आई आजवर खाणीत आली नव्हती. ती चोपणं खांद्यावर टाकून आली, ती उतरण अंगठ्याने चाचपली आणि कपाळाला हात लावला. "ह्याला काम म्हंतात? आखातात जाऊन हे शिकला? माजा पोर हितं पडला तर कातडं ऱ्हाईल काय अंगावर?"

मग तिने पदर खोचला. दुपारभर आम्ही दोघांनी ती उतरण मारली. दादाने दाबलेले खडे मी खणून काढले, पाट्या भरून लांब फेकले. खालच्या झऱ्याचं पाणी कळशीने वर आणलं. आईने माती चाळून पसरली आणि चोपण्याचे घाव घालायला लागली. तिच्या तोंडून शिव्या आणि चोपण्याचा ठोका एकाच तालात पडत होते. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. परदेशी जाणाऱ्या मुलाला ती लाडू-चकल्या देऊन थांबली होती. आता तिला त्याच्यासाठी करण्यासारखं खरं काम सापडलं होतं.

उन्हं उतरली तेव्हा ती म्हणाली, "सारवन उद्या सकाळी करू. उन्हात सुकायला पायजे."

मला धीर नव्हता. दादा रोज पहाटे फटफटलं की एक फेरी हाणायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती उतरण बघावी असं माझं ठरलं होतं. "आजच करू," मी म्हटलं. "दादाला सकाळी दाखवायचं हाय." आई थोडी घुटमळली, मग म्हणाली बरं. तिने शेण कालवलं, आणि सूर्य खाडीपलीकडे टेकत असताना अख्खी उतरण सारवली, डावीकडच्या वळणापर्यंत. हाताच्या चार बोटांच्या अर्धगोल रेघा एकाला एक लागून. शेवटी कडेला बसून तिने ते बघितलं. "आता पडला तरी लागनार नाय," ती म्हणाली.

आम्ही दोघंही कोकणातले. गुळगुळीत म्हणजे चांगलं, हे आमच्या हाडात भिनलेलं. चालण्यासाठी, झोपण्यासाठी, भात झोडण्यासाठी गुळगुळीतच चांगलं. चाकासाठी काय चांगलं हे आम्हाला कुठून कळणार? ज्याला कळत होतं त्याने सांगितलं होतं, आणि मी त्याचा ओठ फोडला होता.

रात्री दादाला काही सांगितलं नाही. आईने तोंडावर पदर धरला होता, हसू येऊ नये म्हणून.

डिसेंबरात सड्यावर दव पडतं ते पाऊस पडल्यासारखं. पहाटे मी दादाच्या आधी उठून वर गेलो आणि गडग्याजवळ उभा राहिलो. झुडपं तोडायची म्हणून कोयती बरोबर घेतली होती, पण खरं तर त्याचं तोंड बघायला गेलो होतो. उतरण सुंदर दिसत होती. वरच्या उजेडात ती चमकत होती. का चमकतेय हे माझ्या डोक्यात आलं नाही. एवढंच सांगतो, हे वाक्य मी पंधरावीस वर्षं मनात लिहीत आलोय आणि प्रत्येक वेळी ते इथेच अडकतं. मी पायाने चाचपून बघितलं नाही.

वरून टायरांचा आवाज आला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. दोन लहान उड्यांचे दोन ठोके. तो खाली बघत नव्हता. कशाला बघेल? ती वाट त्याने स्वतः बांधली होती, तिच्यातला खडा न् खडा त्याने हाताने दाबला होता. तो हवेत आला तेव्हा माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. चार दिवसांनंतरची पहिली ओळख. मी हात वर केला.

चाकं टेकली आणि सायकल त्याच्याखालून निघून गेली. आवाजसुद्धा झाला नाही, नुसतं सुळकन. तो आडवा घसरत आला आणि गडग्यावर आदळला, आणि मागून सायकल त्याच्यावर. चिऱ्याच्या कडेत आणि हँडलच्या दांड्यात त्याचा उजवा हात सापडला. तो आवाज मात्र झाला. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा.

मी सायकल ओढून फेकली. त्याचं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं होतं आणि एक हाड कातडी फोडून बाहेर आलं होतं, पांढरं, त्यावर शेण. त्याच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. मी बोंब मारायला तोंड उघडलं.

"गप," दादा म्हणाला. तो उतरणीकडे बघत होता. सारवणावर त्याच्या घसरण्याची लांब रेघ उठली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आईच्या बोटांच्या अर्धगोल रेघा. त्या रेघा आम्ही जन्मापासून बघत आलो होतो. "आयेनं केलंन?"

"मी सांगितलं तिला. मीच... तुला दाखवायचं व्हतं."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं तो आता मला मारील, आणि मला ते हवंच होतं. त्याने डावा हात उचलला आणि सायकलकडे दाखवलं.

"ब्रेकची वायर तोड."

मला कळलं नाही.

"कोयती हाय ना? पुढच्या ब्रेकची वायर तोड. आनि ती रेघ पायानं मोड. लवकर. आये येईल."

मी ब्रेकची वायर चिऱ्यावर धरली आणि कोयतीचे घाव घातले. पहिला घाव निसटला, दुसऱ्याला तार पिंजली, तिसऱ्याला तुटली. मग मी वेड्यासारखा उतरणीवर नाचलो, टाचा आपटल्या, ती रेघ, ते सारवण, आईची बोटं, सगळं तुडवून चिखल केला. तेवढ्यात आईची हाक आली. दादाने रडायला सुरुवात केली ती तिला बघून, हाताकडे बघून नव्हे.

"ब्रेक तुटला आये," तो म्हणाला.

आईने आधी त्याचा हात बघितला, मग ती लोंबणारी वायर. तिने पदर फाडून त्याचा हात बांधला. रिक्षा मिळावी म्हणून आम्ही त्याला झोळीत घालून रस्त्यावर आणलं. दवाखान्यात त्याला आत नेल्यावर ती एकटीच घरी परत गेली. संध्याकाळी मी आलो तर खळ्यात सायकल पडली होती आणि आई चोपणं घेऊन तिला मारत होती. चाकाचे आरे तुटून उडत होते. दांडे वाकत नव्हते म्हणून ती त्यांना आणखी मारत होती, आणि रडत होती, आणि ज्याने ती सायकल टाकली त्या गोऱ्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. बाबा ओट्यावर बसून होते. त्यांनी तिला थांबवलं नाही. "आये, सायकलीची चूक नाय," हे सांगायला मी पुढे झालो आणि उडालेले आरे वेचायला लागलो. खळ्यात तिच्या घावांचे खड्डे पडले होते.

जानेवारीचा मध्य आला तेव्हा दादाचा हात गळ्यात होता. व्हिसा संपला. हाडं जुळली, पण मुठीत जोर आला नाही. तांब्या उचलायचा तर तो डावा हात पुढे करायचा. मी कॉलेज सोडलं आणि रत्नागिरीत हार्डवेअरच्या दुकानात लागलो. दादाला मामाच्या ओळखीने मिरकरवाड्याच्या धक्क्यावर काम मिळालं, मासळीचा लिलाव पुकारण्याचं. तिथे हात लागत नाही, गळा लागतो. तिथे उभा राहून तो अख्ख्या धक्क्याला शिव्या घालतो आणि लोक त्याला घाबरतात. माझ्याशी तो त्यानंतर कधीही भांडला नाही. माझ्या अंगाला त्याने बोटही लावलं नाही. तुम्हाला हे बरं वाटेल. मला ते फार लागलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मित्रांबरोबर घाटावर एका ठिकाणी गेलो होतो. तिथे सायकलींसाठी मुद्दाम बांधलेला ट्रॅक होता, तिकीट, हेल्मेट, लाल-निळे बाण, सगळी सोय. मित्र सायकली घेऊन सुटले. मी आधी अख्खा ट्रॅक चपला काढून चाललो, प्रत्येक उतरण अंगठ्याने चाचपत. तिथला पोरगा हसला, म्हणाला, "काका, रोज चेक करतो आम्ही." करत असतील. मी शेवटपर्यंत चालत गेलो आणि सायकल न हाणताच परत आलो.

दोन हजार सातमध्ये आम्ही खळ्यात फरशी घालायची ठरवली. त्याआधीच्या शेवटच्या नवरात्रात आईने हट्ट धरला की एकदा अजून खळं करायचं. तिच्याने आता ओणवं राहवत नव्हतं. ती ओट्यावर बसून हुकूम सोडत होती, मी पाणी शिंपडत होतो, दादा चोपत होता. डाव्या हाताने मूठ धरायची आणि उजवा नुसता वर टेकवायचा, अशी त्याने रीत बसवली होती. घाव तिरपे पडत होते.

आई त्याच्या त्या हाताकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "त्या दिवशी मी आदल्या सांजेला तिथं सारवलं नसतं तर? दगडावर डोकं फुटलं असतं तुजं. माज्या सारवनावर पडलास म्हनून जित्ता ऱ्हायलास. देवानंच मला बुद्धी दिली."

मी तांब्या पुन्हा बादलीत बुडवला. दादाने मान वर केली नाही.

"व्हय आये," तो म्हणाला. "तुज्यामुळंच वाचलो."

"मग मार नीट. कोपऱ्यात खरबरीत ऱ्हायलंय."

दादा कोपऱ्यात सरकला आणि तिने दाखवलेल्या जागी, तिचं समाधान होईपर्यंत, चोपणं मारत राहिला.